दूरचा पिंड ताऱ्याआड येतो तेव्हा: सातारा-सांगलीतून पिधान टिपणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिधान म्हणजे काय आणि त्यात दिसते काय?

एखादा लघुग्रह किंवा नेपच्यूनपलीकडचा बर्फाळ पिंड आपण आणि तारा यांच्या मधे आला, की तारा काही सेकंद नाहीसा होतो. हेच पिधान. चंद्र ताऱ्याला झाकतो तेव्हाही हेच घडते, पण इथे झाकणारा पिंड बहुतेक वेळा तुमच्या दुर्बिणीतून दिसतच नाही. तो अठराव्या-एकोणिसाव्या प्रतीचा असतो आणि तारा तेराव्या-चौदाव्या (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका प्रकाश मंद). पडद्यावर तारा नेहमीसारखा लुकलुकत असतो, मग ती जागा एकदम रिकामी होते आणि पंधरा-वीस सेकंदांनी तारा परत येतो. ज्याला रोमांचक फोटो हवा आहे त्याची इथे निराशा होईल. हाती येतात दोन वेळा, लोपाची आणि पुनर्दर्शनाची, आणि त्याच मोलाच्या असतात.

तारा इतका लांब असतो की त्याचे किरण समांतर धरता येतात. त्यामुळे पिंडाची सावली पिंडाएवढीच रुंद पडते. ६०० किमी व्यासाच्या पिंडाची सावली म्हणजे पृथ्वीवरून धावणारा ६०० किमी रुंदीचा पट्टा. तुम्ही त्या पट्ट्यात उभे असाल तर तारा विझेल, बाहेर असाल तर विझणार नाही.

एवढ्या काही सेकंदांच्या अंधारातून कळते काय?

सर्वांत मोठ्या दुर्बिणीतूनही नेपच्यूनपलीकडचे बहुतेक पिंड ठिपक्यासारखेच दिसतात. पिधानातून मात्र त्यांची रुंदी काही किलोमीटरपर्यंत अचूक मोजता येते. एरिस या बटुग्रहाचा व्यास सुमारे २३२६ किमी आहे हे ६ नोव्हेंबर २०१० च्या पिधानावरून ठरले, आणि ते वेध चिलीतल्या दुर्बिणींनी घेतले होते. तोपर्यंत एरिस प्लूटोपेक्षा मोठा असल्याचे मानले जाई.

युरेनसची कडी १० मार्च १९७७ रोजी अशीच सापडली. ग्रह ताऱ्यापुढे येण्याआधी आणि गेल्यानंतरही ताऱ्याचा प्रकाश मधेच थोडा थोडा खाली गेला. मुख्य वेध विमानातल्या दुर्बिणीतून घेतले गेले, पण त्याच रात्री तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेतही अशी घट नोंदली गेली. प्लूटोला वातावरण असल्याचे १९८८ च्या पिधानातून पक्के झाले, कारण तारा झटकन न विझता हळूहळू मंदावला. २०१३ मध्ये कॅरिक्लो या जेमतेम अडीचशे किमीच्या पिंडाभोवती दोन कडी सापडली, २०१७ मध्ये हौमिया या बटुग्रहाभोवती एक. क्वावार या नेपच्यूनपलीकडच्या पिंडाचे कडे २०२३ मध्ये जाहीर झाले. ते पिंडापासून इतके दूर आहे की तिथे कडे टिकायलाच नको, असे जुने गणित सांगते.

हौशी मंडळींनी अभ्यासावे असे उदाहरण म्हणजे ॲरोकॉथ हा नेपच्यूनपलीकडचा छोटा पिंड. जुलै २०१७ मध्ये अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात उघड्या माळावर सुमारे ४० सेंमीच्या फिरत्या दुर्बिणी रांगेत लावल्या होत्या. त्यांतल्या पाच दुर्बिणींना तारा विझलेला दिसला. त्या पाच नोंदींवरून पिंड दोन गोळे जोडल्यासारखा असावा असा अंदाज आला, आणि १ जानेवारी २०१९ रोजी न्यू होरायझन्स यान जवळून गेले तेव्हा तोच आकार दिसला.

भारतातून? ६ जून २०२० चे प्लूटोचे पिधान नैनितालजवळच्या देवस्थळ येथील ३.६ मीटर आणि १.३ मीटर दुर्बिणींनी टिपले आहे.

आमच्याकडे २० सेंमीचीच दुर्बीण आहे. चालेल?

चालेल. पिधानात मोठ्या आरशापेक्षा जागा आणि घड्याळ महत्त्वाचे. सावली साताऱ्यावरून जाणार असेल तर पृथ्वीवरच्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या दुर्बिणीचा त्या रेषेपुरता उपयोग नाही.

ढोबळ मर्यादा अशी: २० सेंमी दुर्बीण, एकरंगी सीमॉस कॅमेरा आणि बऱ्यापैकी काळे आकाश असेल तर ०.१ सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये १२.५ प्रतीपर्यंतचे तारे आणि १ सेकंदात १४.५ पर्यंतचे तारे वापरण्याजोगे मिळतात. चंद्र असेल किंवा तारा क्षितिजापासून २५ अंशांच्या खाली असेल तर त्यातून एक प्रत वजा करा. ताऱ्याची प्रत या हद्दीच्या अगदी काठावर असेल तर आधी एका रात्री सराव म्हणून तोच तारा टिपून पाहा. तारा तर तिथेच असतो, त्याच्यापुढे येणारा पिंड तेवढा नंतर येतो.

एका पिधानाला किती वेळ लागतो?

ते पिंडाच्या आकारावर आणि सावलीच्या वेगावर अवलंबून असते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किमी फिरते. ४० खगोलीय एककांवरचा (सूर्य-पृथ्वी अंतराच्या ४० पट लांबचा) पिंड स्वतः ४.७ किमी वेगाने चालतो. तो सूर्यासमोर, म्हणजे प्रतियुतीजवळ असताना सावलीचा वेग सेकंदाला २४-२५ किमी येतो. म्हणून ६०० किमीच्या पिंडाच्या मध्यरेषेवर तारा जास्तीत जास्त २५ सेकंद झाकला जाईल. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहाची सावली त्याच स्थितीत १२ किमीच्या आसपास वेगाने सरकते, त्यामुळे १०० किमीच्या लघुग्रहाचे पिधान आठेक सेकंदांचे.

भाकीत कुठे मिळते आणि त्यात काय वाचायचे?

संगणकावर ‘ऑकल्ट वॉचर’ हा कार्यक्रम बसवा, आपले अक्षांश-रेखांश द्या आणि किती प्रतीपर्यंतचे तारे हवेत ते सांगा. तुमच्या गावाजवळून जाणाऱ्या सावल्यांची यादी मिळते. नेपच्यूनपलीकडच्या पिंडांसाठी पॅरिस वेधशाळेच्या ‘लकी स्टार’ प्रकल्पाची पानेही पाहावीत. तिथे नकाशे आणि सुधारित भाकिते मिळतात.

यादीतली सहा माहिती महत्त्वाची: तुमच्या जागेवरची मध्यवेळ, ताऱ्याची प्रत, प्रकाशात होणारी घट, सर्वाधिक कालावधी, ताऱ्याची क्षितिजापासून उंची आणि पट्ट्याची अनिश्चितता. घटीकडे नवखे दुर्लक्ष करतात. समजा लघुग्रह १२.० प्रतीचा आणि तारा १२.५ प्रतीचा. दोघे मिळून ११.५ प्रतीचे दिसतात आणि पिधानात १२.० उरतात, म्हणजे घट फक्त अर्ध्या प्रतीची. डोळ्याला ती कळणारही नाही. दूरच्या पिंडांच्या बाबतीत ही अडचण नाही, तिथे तारा पूर्ण जातो.

पट्टा आमच्या गावाच्या ८० किमी दक्षिणेला दाखवतो. मग बसून उपयोग काय?

अनिश्चितता पाहा. आकाशातला एक मिलीआर्कसेकंद (अंशाचा ३६ लाखावा भाग) ४० खगोलीय एककांवर २९ किमी होतो. गाया उपग्रहामुळे ताऱ्यांची स्थाने आता फार अचूक मिळतात, पण दूरच्या पिंडाच्या कक्षेत दहा मिलीआर्कसेकंदांची चूक सहज असते, म्हणजे जवळजवळ ३०० किमी. ८० किमीचा फरक त्यात सहज मोडतो. बसाच.

आणि पट्ट्याबाहेर राहिल्याने तारा विझला नाही, तर ती नोंददेखील कामाची असते. ‘इथून पिधान दिसले नाही’ या नोंदीने पिंडाच्या कडेला हद्द घातली जाते. शिवाय पिंडाची कडी, पिंडाचे उपग्रह यांची सावली मुख्य सावलीच्या पट्ट्याबाहेर पडू शकते.

भाकीत आदल्या दिवशी पुन्हा पाहा. एखादी वेधशाळा शेवटच्या आठवड्यात पिंडाचे नवे स्थान मोजते आणि पट्टा शंभर किलोमीटर सरकतो, असे होते.

दोन-तीन गट असतील तर कुठे कुठे बसावे?

प्रतियुतीजवळ सावली साधारण पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. त्यामुळे पूर्व-पश्चिम अंतराने नवे काही मिळत नाही. सातारा आणि कोरेगाव जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, तिथले दोन गट एकच जीवा (पिंडाचा एका रेषेवरचा छेद) मोजतील. (एकीकडे ढग आले तर दुसरीकडे हाती राहते, एवढा फायदा.) उत्तर-दक्षिण पसरा. शिरवळ, वाई, सातारा, कराड, तासगाव, मिरज या ओळीत प्रत्येक टप्पा उत्तर-दक्षिण २० ते ४५ किमीचा आहे आणि दोन टोकांत सुमारे १४५ किमी. पट्टा तिरका असेल तर अंतर पट्ट्याला काटकोनात मोजायचे.

याचा फायदा आकड्यांत पाहा. समजा पिंड गोल, ६०० किमीचा, सावली सेकंदाला २४ किमी. साताऱ्यात तारा २२.० सेकंद विझला, म्हणजे जीवा ५२८ किमीची. पायथागोरसने सांगितले की सावलीचा मध्य साताऱ्यापासून १४२ किमी दूर होता. पण उत्तरेला की दक्षिणेला? एकट्या साताऱ्यावरून हे कळत नाही. सांगली ९२ किमी दक्षिणेला आहे. मध्य उत्तरेला असेल तर सांगलीत १५.६ सेकंद मिळतील, दक्षिणेला असेल तर २४.६. एका नोंदीने प्रश्न सुटतो. खरा पिंड गोल नसतो, म्हणून तिसरी, चौथी जीवा हवीच असते.

दोन्ही जिल्ह्यांत आकाश कुठे चांगले?

पूर्वेला चला. महाबळेश्वर, कास, बामणोली हा भाग उंच आणि काळोखा असला तरी धुके, दव आणि वारा तिथे हमखास घात करतात. कासचे पठार तर जागतिक वारशाच्या यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, रात्री तिथे दुर्बीण मांडायचा विचारही नको. चाळकेवाडीचे सडे नकाशावर मोहक दिसतात, पण पवनचक्क्या ज्या कारणासाठी तिथे उभ्या आहेत त्याच कारणाने दुर्बिणीची नळी थरथरते.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ हा पर्जन्यछायेचा टापू पिधानासाठी उत्तम. हवा कोरडी, क्षितिज मोकळे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत भरवशाचा. मार्च-एप्रिलमध्ये धूलिकण वाढतात, मेमध्ये वळिवाचे ढग, जून ते सप्टेंबर विसरा.

कृष्णाकाठी, म्हणजे कराड, पलूस, सांगली, मिरज या पट्ट्यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. हिवाळ्यात पहाटे तीननंतर नदीवरून धुके उठते. आणि ऊसतोडीच्या हंगामात पाचट जाळल्याचा धूर आणि कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर वाऱ्याच्या दिशेने मैलोन्‌मैल पसरतो. तारा झाकला जात नाही, पण अर्धी-पाऊण प्रत जाते.

शेतात बसणार असाल तर मालकाला विचारा आणि पोलीस पाटलांना सांगून ठेवा. रात्री दोन वाजता लाल दिवे घेऊन बसलेली माणसे पाहून गावात काय चर्चा होते ते सांगायला नको. शेतीपंपाची वीज रात्री येते तेव्हा दारे धरायला लोक बॅटऱ्या घेऊन बांधावर येतात, त्यांनाही आधीच कल्पना द्या. ऐन वेळी कॅमेऱ्यात झोत पडला तर नोंद खराब होते.

कॅमेरा कोणता?

एकरंगी, संवेदनशील, यूएसबी-३ चा. रंगीत कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेलवर रंगाची गाळणी असते, त्यात बराच प्रकाश वाया जातो. आयएमएक्स २९० जातीच्या संवेदकाचे कॅमेरे हौशी मंडळींत भरपूर आहेत आणि चांगले आहेत, पण त्यांचे शटर ‘रोलिंग’ असते. चौकटीतल्या (एका चित्रातल्या) वरच्या आणि खालच्या ओळी वेगवेगळ्या क्षणी वाचल्या जातात, म्हणून तारा कुठल्या ओळीवर आहे त्यानुसार वेळेत दुरुस्ती लागते. आयएमएक्स १७४ मध्ये सगळ्या ओळी एकदम वाचल्या जातात. त्याच संवेदकाचा जीपीएस जोडलेला क्यूएचवाय १७४ प्रत्येक चौकटीवर अचूक वेळ छापतो. पैसे एकदाच घालायचे असतील तर इथे घाला, मोठ्या आरशात नंतर.

मोबाईलच्या कॅमेऱ्याने हे होत नाही. दहा-दहा सेकंदांची चित्रे एकावर एक रचून सुंदर फोटो देणाऱ्या स्मार्ट दुर्बिणींचाही इथे फारसा उपयोग नाही. दहा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये २४० किमी सावली निघून जाते.

वेळ किती अचूक लागते आणि ती आणायची कुठून?

सगळ्यांत जास्त नोंदी वाया जातात त्या इथे. सावली सेकंदाला २४ किमी धावते. घड्याळ दोन सेकंद चुकले तर तुमची जीवा ४८ किमी सरकते आणि इतरांच्या नोंदींशी तिचा मेळच लागत नाही. उद्दिष्ट ०.०५ सेकंदाचे ठेवा, ०.१ पर्यंत चालून जाते.

विंडोजची स्वतःची वेळजुळणी यासाठी भरवशाची नाही, ती सेकंदभर चुकलेली असू शकते. माइनबर्गचे एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारा कार्यक्रम) बसवा, ते किमान तासभर आधी चालू करा आणि ‘ऑफसेट’ (घड्याळातला फरक) स्थिर झाल्याची खात्री करा. भारतीय प्रमाणवेळ राखणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा वेळ-सर्व्हरही त्यात घालता येतो. मात्र माळरानावर मोबाईल हॉटस्पॉटवरून एनटीपी काही दहा मिलिसेकंद डगमगते. शिवाय चौकट कॅमेऱ्यातून संगणकात पोचायला लागणारा वेळ वेगळाच.

स्वस्तातला पक्का उपाय: निओ-६एम हे जीपीएस मॉड्यूल. त्याच्या ‘पीपीएस’ टोकावर दर सेकंदाच्या सुरुवातीला स्पंद येतो. त्या स्पंदावर एक छोटा एलईडी लावा, दुर्बिणीच्या तोंडाजवळ धरा आणि चित्रीकरणाच्या सुरुवातीला व शेवटी दहा-दहा सेकंद चमकू द्या. चौकटींवरच्या वेळेत आणि खऱ्या सेकंदात किती अंतर आहे ते त्यातून मोजता येते. स्पंद फक्त सेकंद कधी सुरू झाला ते सांगतो, तो कोणता सेकंद हे संगणकाच्या घड्याळावरून ठरते. म्हणून दोन्ही लागतात.

एक खाच अशी. जीपीएसची स्वतःची वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १८ सेकंद पुढे आहे. हा फरक उपग्रहाच्या संदेशातून येतो आणि बराच वेळ बंद असलेल्या यंत्राला तो मिळायला साडेबारा मिनिटांपर्यंत लागू शकतात. ‘फिक्स’ मिळाले म्हणून लगेच विश्वास ठेवू नका, पंधरा मिनिटे चालू ठेवा. नाहीतर चूक थेट पूर्ण सेकंदांची होते आणि ती नंतर दिसतही नाही.

भाकितात तारीख १४ आहे, आमच्याकडे पिधान कधी?

भाकिते यूटीसीत असतात. ५ तास ३० मिनिटे मिळवा. १४ डिसेंबर, २१:१७ यूटीसी म्हणजे आपल्याकडे १५ डिसेंबरची पहाट, २:४७. आपल्या मध्यरात्रीपासून सकाळी साडेपाचपर्यंत यूटीसीची तारीख कालचीच असते. एक दिवस उशिरा पोचलेली मंडळी दरवर्षी असतात. अहवाल लिहितानाही यूटीसीच लिहा.

बरोबर तारा सापडत नाही. काय करावे?

पहिले कारण बहुधा निर्देशांकांचे. यादीत विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश) २००० सालच्या निर्देशांक-चौकटीत दिलेली असते. माउंट (दुर्बीण फिरवणारी बैठक) आजची निर्देशांक-चौकट धरून चालत असेल तर संपातचलनामुळे (पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डुलण्यामुळे) आता सुमारे २२ आर्कमिनिटांचा फरक पडतो. १००० मिमी नाभीय अंतर आणि आयएमएक्स २९० संवेदक असेल तर कॅमेऱ्याची चौकट जेमतेम १९ × ११ आर्कमिनिटांची. तारा चौकटीबाहेर आणि तुम्ही भलत्याच ताऱ्यावर. माउंटमध्ये कोणती निर्देशांक-चौकट निवडली आहे ते आधी पाहा.

‘ॲस्टॅप’सारख्या कार्यक्रमाने चित्रावरून स्थान ओळखून घ्या, पाच सेकंदांचा एक फोटो काढला की दुर्बीण नेमकी कुठे रोखली आहे ते कळते. त्याखेरीज ताऱ्याभोवतीच्या अर्ध्या अंशाचा नकाशा छापून न्या. आरशामुळे तो उलटा-पालटा दिसेल, म्हणून नकाशा घरीच तुमच्या कॅमेऱ्याच्या दिशेने फिरवून छापा. रात्री दोनला मान वाकडी करून नकाशा जुळवायची वेळ येऊ नये.

माउंट आपोआप फिरणारे नाही, साधी, हाताने हलवायची डॉब्सोनियन आहे. काहीच करता येणार नाही का?

करता येते, फक्त छोट्या पिधानांसाठी. आकाशातली एक जागा धरायची: तारा पिधानाच्या वेळी जिथे असेल तिथेच. तासभर आधी त्या जागेतून कोणता तारा जातो? ज्याची क्रांती तीच आणि विषुवांश एक तासाने कमी आहे तो. अशा ताऱ्यांची यादी दर पाच-दहा मिनिटांसाठी करून न्या, त्यांच्यावर दुर्बीण रोखत रोखत पुढे या आणि शेवटच्या ताऱ्यानंतर तिला हात लावू नका. विषुववृत्ताजवळचा तारा १६ आर्कमिनिटांची चौकट ६४ सेकंदांत ओलांडतो, त्यामुळे भाकितात मिनिटभराचीही अनिश्चितता असेल तर हे जमत नाही. दूरच्या पिंडांसाठी फिरते माउंटच लागते.

एक्स्पोजर आणि बाकीच्या सेटिंग कशा ठेवाव्यात?

चाचणीची एक मिनिटाची फाइल काढा आणि ताऱ्याचा प्रकाश आलेखावर पाहा. अपेक्षित घटीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा आलेखाची थरथर कमी हवी. तेवढे साधेल असे सर्वांत छोटे एक्स्पोजर निवडा. मोठ्या पिंडासाठी ०.२ ते ०.५ सेकंद बहुधा योग्य ठरते. ०.२ म्हणजे जमिनीवर ५ किमी. ०.०५ पेक्षा खाली जाऊन दूरच्या पिंडात काही मिळत नाही. ४० एककांवरून आलेल्या सावलीची कड विवर्तनामुळे स्वतःच एक-दीड किमी पुसट असते.

गामा बंद. आपोआप एक्स्पोजर, आपोआप गेन बंद. १६ बिट, सेर किंवा फिट्स स्वरूप, दाबलेला व्हिडिओ मुळीच नाही. २ × २ बिनिंग (चार पिक्सेल एकत्र वाचणे) चालेल. ताऱ्याचा कळस संपृक्त होऊ देऊ नका. चौकटीत मुख्य ताऱ्याएवढे किंवा थोडे तेजस्वी असे किमान दोन तुलनातारे हवेत, म्हणून चौकट फार कापू नका.

जागेचा हिशेब: ६४० × ४८० ची १६ बिट चौकट ०.६ एमबीची. सेकंदाला १० चौकटी आणि २० मिनिटे धरली तर ७.४ जीबी. लॅपटॉपमध्ये जुनी फिरती डिस्क असेल तर चौकटी गळतात, एसएसडी वापरा.

किती आधी सुरू करावे, किती वेळ चालू ठेवावे?

मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहासाठी आगेमागे दोन-दोन मिनिटे पुरतात. दूरच्या पिंडासाठी दहा ते पंधरा मिनिटे आधी आणि तेवढेच नंतर. क्वावारचे कडे मध्यापासून सुमारे ४१०० किमीवर आहे, म्हणजे २४ किमी वेगाने जवळजवळ तीन मिनिटांचे अंतर. तारा परत दिसला म्हणून आनंदाने चित्रीकरण बंद करणे ही या छंदातली सर्वांत महाग सवय.

त्या रात्रीचा क्रम कसा असावा?

दोन तास आधी मांडणी पूर्ण आणि आरसा बाहेरच्या हवेला थंड होत असलेला. एनटीपी आणि जीपीएस चालू. एक तास आधी तारा सापडलेला, फोकस पक्का, चाचणीची फाइल काढून प्रत्यक्ष उघडून पाहिलेली. अर्धा तास आधी माउंटने मेरिडियन (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडायचे असल्यास ते उरकलेले. ऐन वेळी माउंट उलटे फिरले की खेळ संपला. त्यानंतर कशालाही हात लावायचा नाही, एलईडीची चमक सोडून.

विजेसाठी माउंट दीड ॲम्पिअर, दव हटवणारा पट्टा एक ॲम्पिअर धरा. चार तासांना १० ॲम्पिअर-तास. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये, म्हणून १२ व्होल्ट, २० ॲम्पिअर-तासांची न्या. लॅपटॉपसाठी वेगळी सोय. मोटारीच्या बॅटरीवर चालवलेत तर सकाळी ढकलायला माणसे बरोबर असू द्या.

बहुतेक वेळा बिघडते काय?

दव. कृष्णाकाठी हिवाळ्यात आरसा किंवा दुरुस्तीकाच मिनिटांत ओली होते. तारे हळूहळू मंद होतात आणि पाहणाऱ्याला कळतही नाही. पुठ्ठ्याचे नसले तरी फोमचे लांब तोंड लावा आणि गरम पट्टा दव पडण्याआधी चालू करा, नंतर नाही. मग लॅपटॉपचे झोपणे, विंडोजचे अपडेट, भरलेली डिस्क. यूएसबीच्या लांब तारा: तीन मीटरच्या पुढे भरवसा नको. आणि कुणाचा तरी पाय तिपाईला.

तारा विझला, पण ढग असेल तर?

आलेखात तुलनातारेही त्याच वेळी खाली गेले असतील तर ढग, धूर किंवा दव. फक्त मुख्य तारा गेला आणि बाकीचे स्थिर राहिले तर पिधान. ढग कमी-जास्त होत उतरतो, पिधानाची घट एका-दोन चौकटींत होते. घट दोन पायऱ्यांत झाली तर उत्साह आवरा, पण फाइल जपा: तो तारा जुळा असण्याची शक्यता असते. उतार गोल आणि संथ असेल तर वातावरण, पण त्याआधी एक्स्पोजर फार मोठे नव्हते ना ते तपासा.

नुसत्या डोळ्याने पाहून वेळ नोंदवली तर?

माणसाची प्रतिक्रिया ०.२ ते ०.५ सेकंद उशिरा येते आणि दर वेळी वेगळी येते. दूरच्या पिंडांचे तारे मुळात डोळ्याला पुरेसे तेजस्वीही नसतात. चंद्राची पिधाने डोळ्याने जरूर पाहा, कॅमेऱ्याचा सराव करायलाही ती उत्तम: वेळ नक्की, तारा तेजस्वी, चुकले तर महिन्याभरात दुसरे.

फाइलमधून वेळ कशी काढायची?

‘टँग्रा’ किंवा ‘पायमूव्ही’ या कार्यक्रमात फाइल उघडा, मुख्य तारा आणि तुलनातारे निवडा, मोजणीचे वर्तुळ ताऱ्याच्या ठिपक्याच्या दीडपट ठेवा. तारा विझल्यावर वर्तुळ भटकू नये म्हणून त्याची जागा तुलनाताऱ्याला बांधून टाका, हे विसरले की कार्यक्रम शेजारच्याच एखाद्या ठिपक्याला पकडतो. मग ‘पायोट’ या दुसऱ्या कार्यक्रमात लोप आणि पुनर्दर्शनाच्या वेळा त्यांच्या अनिश्चिततेसह मिळतात. चौकटीवरची वेळ एक्स्पोजरच्या सुरुवातीची आहे, मध्याची की शेवटची, ते आधी ठरवा.

अहवालात काय द्यावे, कुणाला?

आंतरराष्ट्रीय संघटना आयओटीए अशा नोंदी गोळा करते. ऑकल्ट वॉचरमध्ये त्या पिधानासाठी नाव नोंदवले की कुठे पाठवायचे ते दिसते. नेपच्यूनपलीकडचा पिंड असेल तर भाकीत करणाऱ्या गटालाही फाइल हवी असते. अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस ८४ मध्ये (जीपीएस वापरते त्या पद्धतीत), आर्कसेकंदाच्या दशांशापर्यंत. समुद्रसपाटीपासूनची उंची देताना लक्ष द्या: जीपीएस काही वेळा लंबगोलावरची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) उंची दाखवते आणि आपल्याकडे ती पन्नास मीटरांहून जास्त कमी येते. चित्रीकरण कधी सुरू झाले, कधी संपले, मधे किती वेळ ढग होते, तेही लिहा. तारा विझला नसेल तरी हाच अहवाल पाठवायचा.

मूळ फाइली किती दिवस ठेवाव्यात?

काढून टाकू नका. क्वावारचे कडे २०१८ ते २०२१ मधल्या पिधानांच्या नोंदी एकत्र पाहिल्यावर पक्के झाले. तुमच्या फाइलमध्ये मुख्य घटीच्या तीन मिनिटे आधी पाच टक्क्यांची एक चिमुकली घट लपलेली असेल, तर ती शोधायला कुणीतरी चार वर्षांनी मागेल. मूळ फाइल, जीपीएसची नोंद, एलईडीच्या चमकांची फाइल आणि जागेची माहिती एकाच फोल्डरमध्ये, नावात यूटीसी तारीख आणि पिंडाचे नाव, दोन वेगवेगळ्या डिस्कवर.